दोनशे पंधरावा हार

जुनं ते सोनं, हे सर्वमान्य आहे. त्यातून ओघानेच असं निघतं, की जे सोनं नाही त्याने निदान जुनं तरी व्हावं. एकदा जुनं झालं, की पुढचं ती म्हणच बघून घेते.

या भक्कम पायावर एका तिमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक कारखाना उभा होता. दारावर पाटी होती : ‘पुरातन दागिने. रोज नवा माल.’ आत चार खोल्या. पहिल्या खोलीत पितळेचा हार घडे, दुसरीत त्यावर सोनेरी मुलामा चढे, तिसरीत त्याचं वय वाढे आणि चौथीत त्याला पूर्वज मिळत. सोमवारी सकाळी जो नुसता पत्रा असे, तो गुरुवारच्या दुपारच्या चहापर्यंत सरासरी एकशे बारा वर्षांचा होई. (शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी वय वाढत नसे.)

तिसऱ्या खोलीच्या प्रमुखांना सगळे ‘आजोबा’ म्हणत. त्यांचं वय एकतीस होतं आणि लग्न जमायचं होतं. मुलीकडच्या मंडळींनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ज्याने उचलला त्याने, ‘आजोबा गंधकाच्या पाण्यात हात घालून बसलेत, नंतर करा,’ असं खरं ते सांगितल्यामुळे बोलणी पुढे सरकली नाहीत. पण कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची पद्धत भिंतीवर लिहून लावलेली होती :

हार गंधकाच्या पाण्यात बुडवावा. खाचाखोचांत काळं धरलं की पन्नास वर्षं झाली असं समजावं.

वर आलेला भाग चामड्याने घासावा. इथून मालकिणीचा अंगठा फिरत असे. (मालकीण कोण, हे चौथी खोली कळवेल.)

डावीकडून तिसरा खडा काढून टाकावा. चांगल्या घरांत डावीकडून तिसराच खडा पडतो.

एक कडी तोडून वेगळ्या रंगाच्या डागाने सांधावी. जी वस्तू कधी तुटलीच नाही, तिच्यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

मानेमागे अडकवायच्या फाशात एक लांब पांढरा केस गुंतवावा. (केस आजोबांच्या आई पुरवीत. त्या रोज विंचरून झालं की पुडी बांधून देत आणि कारखान्यात आपला शब्द चालतो असं सांगत.)

चौथ्या खोलीत वहिनी बसे. मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. ती कुणाची वहिनी, हा प्रश्न कधी निघाला नाही. तिला कामावर घेतलं ते अक्षरासाठी. इतकं नेटकं अक्षर हल्ली कुणी काढत नाही. म्हणजे ते आपोआप जुनं. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर प्रत्येक हाराचा पूर्वेतिहास लिहायचा, घडी घालायची, घडीवर दोनदा बोट दाबून ती झिजवायची आणि चिठ्ठी हाराला बांधायची, एवढं तिचं काम.

कामात अडचण एकच होती. वहिनीचा नेम होता. रोज सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी ती देवासमोर हात जोडून म्हणे, ‘आज खोटं बोलणार नाही, खोटं लिहिणार नाही.’ नेम त्या एका दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी नवा. (जन्मभराचा नेम माणूस उद्यापासून पाळू शकतो. एका दिवसाच्या नेमाला ती सोय नाही.) मोडला, तर दुसरा दिवस पूर्ण मौन. चोवीस वर्षांत ती अकरा दिवस गप्प बसली होती. त्यांतले नऊ दिवस, ‘आमचं बाळ किती गोड आहे ना?’ असं विचारणाऱ्या पाहुण्यांच्या खाती जमा होते.

पहिल्याच दिवशी मालक एक हार घेऊन आले.

“वहिनी, लिहा. ‘एका घरंदाज सासूबाईंनी आपल्या सुनेला मोठ्या मायेने दिलेला हार.’”

“कोणत्या सासूबाईंनी?”

“असतील कुणीतरी.”

“आणि सून?”

“सासू आली की सून आलीच हो. तुम्ही लिहा.”

“दिलाच नसेल तर कसं लिहू? उद्या गॅसवाला येणार आहे. मला त्याच्याशी बोलायचंय.”

मालक भला माणूस. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग असं करा, हार घरी न्या. तुम्हाला सासूबाई आहेत ना?”

होत्या. आणि इथेच वहिनीची दुखरी जागा होती. तिला आयुष्यात फार काही नको होतं. सासूबाईंनी आपल्या हाताने आपल्याला काहीतरी द्यावं, एवढंच. काहीही. चोवीस वर्षांत सासूबाईंनी तिला दिलेल्या वस्तूंची यादी अशी : घरात आली त्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या (संध्याकाळी परत घेतल्या), एक छत्री (जिची होती ती येऊन घेऊन गेली), आणि सल्ला (अजून चालू आहे). बाई वाईट नव्हत्या. हातातून वस्तू सुटत नसे, इतकंच. त्यांच्या गळ्यात सोळा पानांचा एक बारीकसा सोन्याचा हार असे. तो त्यांच्या सासूचा. पण तोही त्यांना कुणी दिला नव्हता. सासू गेल्यावर उशीखाली सापडला होता. न दिलेली वस्तू द्यायची कशी, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तर त्या संध्याकाळी वहिनीने पितळेचा हार सासूबाईंच्या हातात ठेवला.

“आई, हा मला मायेने द्या ना.”

“का? तूच तर आणलास.”

“कारखान्याचा आहे. तुम्ही दिलात असं लिहायचंय.”

“मग लिही की.”

“दिलात तर लिहीन.”

“बरं. हा घे.”

“असा नाही. मायेने.”

“मायेने म्हणजे? फेकून मारला का मी?”

वहिनीची लेक मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, “आजी, तिच्या डोक्यावरून जरा हात फिरव.”

“केस धुतलेत का हिने?”

धुतले होते. तिसऱ्या खेपेला जमलं. सासूबाईंनी हार सुनेच्या गळ्यात घातला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “घे बाई. आता तुझ्याकडे.” वहिनीचा गळा दाटून आला.  मग तिने हार काढून पिशवीत ठेवला, कारण सकाळी तो परत करायचा होता.

चिठ्ठी लिहिली गेली, शब्दन् शब्द खरी. (‘घरंदाज’ या शब्दावर ती थोडी अडखळली होती. घर स्वतःचं आहे, तेवढं पुरे, असं मालकांचं मत पडलं.) हार तासाभरात गेला. घेणाऱ्या बाईंनी चिठ्ठी वाचून डोळे पुसले. आपल्या सासूशी आपण वर्षभर बोललो नाही, असंही त्यांनी आपणहून सांगितलं आणि त्याच हाराच्या जोडीची कर्णफुलं आहेत का विचारलं.

सत्याला एवढी मागणी असेल असं मालकांना वाटलं नव्हतं. त्यांनी तत्काळ ‘प्रत्यक्ष पूर्वेतिहास योजना’ सुरू केली. खोल्यांचा क्रम बदलला. आधी पूर्वज, मग वय, असं ठरलं. दुसऱ्या खोलीतून पिवळेधमक हार थेट वहिनीच्या पिशवीतून तिच्या घरी जात, तिथे त्यांना जे घडायचं ते घडे, आणि मग ते म्हातारे व्हायला आजोबांकडे येत.

‘धामधुमीच्या दिवसांत मातीत पुरून ठेवलेला’ : हे हार खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत वीस मिनिटं पुरले जात. त्या वेळी नवऱ्याचं खालच्या मजल्याशी गाडी लावण्यावरून चालू असे, म्हणजे धामधूम होतीच. (मालकांना ‘युद्धाच्या’ हवं होतं. वहिनीने ऐकलं नाही.)

‘पाणी ओलांडून आलेला’ : नवरा सकाळी फिरायला जाताना हार खिशात घालून नाल्यावरचा पूल ओलांडे आणि परत येई. ‘सातासमुद्रापलीकडून’ लिहायचं तर आणखी सहा नाले हवेत, आणि तेही खारे, असं वहिनीने कळवलं. तो विषय तिथेच संपला.

‘तीन पिढ्यांनी ल्यालेला’ : आजी, आई, लेक ओळीने सोफ्यावर बसत. एका हाराला तीन पिढ्या जायला अकरा मिनिटं लागत. त्यांतली सात सासूबाईंची, कारण त्या आरसा मागत.

‘मायलेकींच्या ओढाताणीत तुटलेला’ : हे रविवारी सकाळी होई. पहिलं वाक्य ठरलेलं असे. पुढची आपोआप सुचत. तिसऱ्या रविवारी लेक जेव्हा, “तू माझं कधी ऐकून घेतलंयस का?” इथपर्यंत पोचली, तेव्हा हार कधीचा सोफ्याखाली गेला होता. तो शोधताना दोघींची टाळकी एकमेकींवर आपटली आणि दोघी हसल्या. ते चिठ्ठीत घेतलं नाही. ग्राहकाला इतका आनंद नको असतो.

पण खरी मागणी होती ती ‘मायेने दिलेल्या’ हारांना. सर्वसाधारण सासू हयातभरात सरासरी पाऊण दागिना मायेने देते. (उरलेला पाव उशीखाली सापडतो.) सासूबाईंनी तीन महिन्यांत दोनशे चौदा दिले. त्यांचा हात बसला. हार गळ्यात घालणं, फासा अडकवणं, डोक्यावरून हात आणि ‘घे बाई, आता तुझ्याकडे’, या सगळ्याला चाळीस सेकंद लागू लागली. माया तेवढीच, वेळेची बचत. आजोबांनी तर सासूबाईंच्या गळ्यातल्या सोळा पानांच्या हाराचा साचाच काढून घेतला. तो नमुना इतका खपला, की घरी येणाऱ्या दहा हारांतले सात सोळा पानांचे असत.

आणि वहिनी? सुरुवातीला प्रत्येक हाराला तिचा गळा दाटून येई. विसाव्या हारानंतर तो एकाआड एक दाटू लागला. शंभराच्या पुढे ती गळ्यात हार पडत असतानाच आधीची चिठ्ठी पुरी करायला शिकली. इतक्या वर्षांची तिची आस रोज दोन-तीन वेळा पुरी होत होती, आणि पोट भरल्यावर पंगतीत पुन्हा पुन्हा आग्रह व्हावा तसं तिचं झालं होतं.

एका संध्याकाळी ती दाराकडे पाठ करून लिहीत बसली होती. सासूबाई मागून आल्या. थंडीचे दिवस, त्यांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला.  मग त्यांनी हार सुनेच्या गळ्यात घातला. फासा लावायला नेहमीपेक्षा उशीर लागला.

“घे बाई. आता तुझ्याकडे. मला कुणी असा घातला नव्हता.”

“वा, आई,” वहिनी लिहिता लिहिता म्हणाली. “शेवटचं वाक्य नवीन आहे ना? छान आहे, राहू दे तेच. जरा पटपट, अजून चार व्हायचेत.”

सासूबाई पुढच्या हाराकडे वळल्या. त्यांनी उरलेले चारही हार घातले. अत्यंत मायेने. वहिनीने पाचही काढून पिशवीत टाकले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आजोबा वैतागून चौथ्या खोलीच्या दारात आले. हातातून गंधकाचं पाणी ठिबकत होतं.

“वहिनी, एक हार काही केल्या म्हातारा होईना. तीनदा बुडवला, रात्रभर भिजवायचीही तयारी दाखवली. पुसला की पिवळा तो पिवळाच. दुसऱ्या खोलीत कुणी मुलामा चढवलाय कोण जाणे. नाव घालवतील कारखान्याचं.”

“जाऊ द्या हो,” वहिनी समजुतीने म्हणाली, “असतो एखादा हट्टी.”

कारखान्यातल्या मालाच्या तपासनीसांनी हार उजेडात धरला, दाताखाली घेतला (तसा नियम होता, का ते कुणाला आठवत नव्हतं) आणि वहीत नोंद केली : ‘नापास. कारण : मऊ. फार पिवळा. उघड उघड खोटा दिसतो.’ नापास मालाची टोपली जिन्याच्या दाराशी असे. तीन जुने हार घेतले की तिच्यातला एक फुकट.

चार दिवसांनी सकाळी चहा घेता घेता सासूबाई सहज म्हणाव्यात तसं म्हणाल्या, “घालत नाहीस का गं?”

“काय?”

“मी दिलेला.”

“अहो आई, तुम्ही दोनशेवर दिलेत. त्यातला कुठला?”

सासूबाईंनी मफलर सोडला. गळा रिकामा होता. चाळीस-पन्नास वर्षांच्या हाराची फिकट रेघ तेवढी राहिली होती.

“दोनशे पंधरावा,” त्या म्हणाल्या.

वहिनी चपला न घालता निघाली. कारखान्याच्या जिन्यापाशी ती टोपलीवर अक्षरशः उपडी झाली. टोपलीत मोडके, वाकडे, मुलामा उडालेले सगळे होते. सोळा पानांचे नऊ होते. नऊच्या नऊ हारांना खाचांत काळं धरलेलं होतं. विक्री सांभाळणाऱ्या ताई काउंटरवरून बघत होत्या.

“काय शोधताय वहिनी?”

“एक पिवळा होता. काळा न पडलेला.”

“तो होय! परवाच गेला. एका बाईंनी चिठ्ठ्या वाचून वाचून तीन जुने निवडले, त्यावर दिला. घ्यायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, हा नको, फारच खोटा वाटतो. मीच म्हटलं, अहो फुकट आहे, असू द्या, कुणाला तरी द्यायला होईल.”

“कोण बाई? कुठल्या?”

“चांगल्या घरच्या वाटल्या. पारख होती हो त्यांना.”

वहिनी पायरीवर बसली. हाराचं दुःख होतंच. पण तिला आठवत होता तो फाशाशी चाचपडणारा हात, आणि आपलं ‘जरा पटपट’. शिवाय नेमाचा हिशेब होता. त्या चार दिवसांत ती एका बहिणीला आणि दोन शेजारणींना सवयीने म्हणाली होती, “आमच्या सासूबाईंनी मला खरं असं कधी काही दिलं नाही.” म्हणताना तिला ते खरं वाटत होतं. पण नेमाच्या वहीत ‘वाटत होतं’ असा रकाना नाही. तिने तीन दिवसांचं मौन धरलं. इतकं मोठं मौन घरात पहिल्यांदाच. नवऱ्याला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

त्या तीन दिवसांत हार घरी येतच राहिले. कारखान्याला मौन नसतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई येऊन तिच्या शेजारी बसल्या. पिशवीत हात घालून त्यांनी सोळा पानांचा एक पितळेचा हार बाहेर काढला, आपल्या गळ्याशी धरून बघितला.

“रिकामं रिकामं वाटतं गं,” त्या म्हणाल्या. “तेवढीच सवय.”

वहिनीला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. तिने तो हार त्यांच्या हातातून घेतला. उठून त्यांच्या मागे गेली.

“मायेने हं,” सासूबाई समोर बघत म्हणाल्या. “फेकू नकोस.”

फासा लावायला वहिनीलाही बराच वेळ लागला. मग तिचा हात सासूबाईंच्या डोक्याजवळ येऊन थबकला.

“फिरव, फिरव,” सासूबाई म्हणाल्या. “धुतलेत केस मी.”

तो हार कारखान्यात परत गेला नाही. त्याची चिठ्ठी वहिनीने लिहिली, पण कुठे बांधली नाही. मालकांनी वाचायला मागितली आणि वाचून परत दिली. “चांगलं आहे वहिनी,” ते म्हणाले, “पण यात जुनं काहीच नाही. हे कोण घेणार?”

आता कारखान्याच्या दाराशी, पाटीच्या खाली, तिच्या नेटक्या अक्षरात एक सूचना लावलेली आहे. वहिनीने ती नेमाच्या दिवशी लिहिलेली असल्यामुळे तिच्यातला शब्दन् शब्द खरा धरावा. ती अशी :

‘सोळा पानांचा एक हार चुकून गेला आहे. रंग पिवळा. कशानेही काळा पडत नाही. दिसायला अत्यंत खोटा. ज्यांना तो तीन जुन्या हारांवर फुकट मिळाला, त्यांनी कृपया परत आणून द्यावा. बदल्यात मनाजोगता कोणताही जुना हार चिठ्ठीसह मिळेल.’

सूचना लागून बरेच दिवस झाले. आजवर बारा बायका चौकशीला येऊन गेल्या. बाराही जणींनी एकच विचारलं, ‘पण आमच्याकडचे तीन अस्सल आहेत ना?’ त्यांना होकार देऊन वाटेला लावण्यात आलं. (होकार ताईंनी दिला. वहिनीने मान खाली घातली होती.)

उरलात तुम्ही, ज्यांना तो फुकट मिळाला. तो हार आता तुमच्याकडे नाही, हे वहिनी जाणून आहे. तो डोळ्यांत खुपत होता म्हणून तुम्ही मागेच कुणाला तरी देऊन टाकलात : सुनेला, भाचीला, नाहीतर घरी कामाला येणाऱ्या मुलीला. देताना तुम्ही, ‘आमच्या घराण्यातला आहे हो, जपून ठेव,’ असं म्हणालात आणि तिच्या डोक्यावरून हातही फिरवलात. त्याबद्दल एक दिवसाचं मौन तुमच्याकडे बाकी आहे; सवडीने पाळावं. आत्ता लगेच उठून कपाट उघडायची मात्र घाई नको. उरलेले तीन हार तुम्ही कुलपात ठेवलेत. ते सुखरूप आहेत.